संकेतशब्द कोणाच्या वहीत?

खानदेशातील कोणत्याही तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आसपास ऑनलाईन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांची एक रांग आता उभी राहिलेली आहे. दुकान दहा बाय दहाचे; त्यात एक संगणक, एक प्रिंटर, अंगठा घेण्याचे यंत्र आणि संगणकाच्या उशाला एक जाड वही. रावेर-यावलचा केळी उत्पादक हवामानावर आधारित फळपीक विम्यासाठी तेथे येतो, चोपड्याचा शेतकरी ठिबकच्या अनुदानासाठी येतो, साक्री-शिरपूरकडची आदिवासी मुलगी शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी येते. भारतीय कापूस महामंडळाने २०२५ च्या हंगामात खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची केल्यावर कापूसवालेही त्याच रांगेत आले. त्या वहीत प्रत्येकाचे नाव, गाव, आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक आणि अखेरच्या रकान्यात त्याचा पासवर्ड लिहिलेला असतो. हा अखेरचा रकाना वाचण्याची तसदीही घ्यावी लागत नाही. अर्जदाराचे नाव, पुढे ‘ॲट’चे चिन्ह आणि त्यापुढे एक-दोन-तीन, एवढेच बहुधा तेथे असते. पासवर्ड ज्याचा आहे त्याला तो ठाऊक नसतो; वहीच्या मालकाला मात्र तो पाठ असतो.

वहीचा मालक लबाड असतो असे येथे सुचवायचे नाही. त्यांतले बहुतेक जण पदवी घेऊन नोकरीच्या शोधात हिंडलेले आणि अखेर अर्जामागे वीस-पन्नास रुपयांवर स्थिरावलेले तरुण आहेत. ग्रामपंचायतींत हेच काम करणाऱ्या संगणक परिचालकांना तर किमान वेतनासाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले आहेत. प्रश्न व्यक्तीच्या सचोटीचा नाही. गरिबाच्या नावाने उघडलेल्या कुलपाची किल्ली प्रथमपासूनच दुसऱ्याच्या हाती राहते, आणि तसे घडण्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही, हा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे पाहण्याची प्रस्थापित रीत उपदेशाची आहे. ‘पासवर्ड कोणालाही सांगू नका’ असा संदेश बँका रोज पाठवतात, आणि पैसे गेले की त्याच संदेशाकडे बोट दाखवतात. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात, आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी सहकारी बँकांसाठी काढलेल्या परिपत्रकातही, जबाबदारीची वाटणी केलेली होती. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर भार नाही. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, पण तिसऱ्याच कोणी गैरप्रकार केला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही भार नाही. परंतु ग्राहकाने आपली गुप्त माहिती दुसऱ्यास दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. वरवर पाहता हा नियम न्याय्य आहे. तथापि ज्या बाईला अर्ज स्वतः भरताच येऊ नये अशी व्यवस्था सरकारने उभी केली, तिने तो दुसऱ्याकडून भरून घेतला म्हणून तिला निष्काळजी ठरवणे हा न्याय नव्हे. सक्ती सरकारची आणि जोखीम नागरिकाची, असा हा सौदा आहे.

खानदेशाला हा सौदा नवा नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी शहादे-तळोदे भागातील भिल्लांच्या जमिनी गेल्या त्या काही तलवारीच्या जोरावर गेल्या नाहीत, कागदावर गेल्या. कागदावर काय लिहिले आहे ते वाचता येत नव्हते. अंगठा तेवढा स्वतःचा होता. जोतीराव फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा लेखणी ज्याच्या हाती त्याच्या हाती कुणब्याचे नशीब, हेच त्यांना सांगायचे होते. १९७२ साली अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने आणि पुढे श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली शहाद्यातील भिल्ल शेतमजूर उभे राहिले. गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात ही त्यांची प्रमुख मागणी होती. आदिवासींच्या जमिनी त्यांना परत करण्याचा १९७४ चा महाराष्ट्राचा कायदा अशा लढ्यांच्या दबावाखालीच झाला. शहादे तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला आणि ते त्यात गेले.

त्याच शहादे तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत एका आदिवासी महिलेला देण्यात आला. कागदाच्या राज्यात नाडल्या गेलेल्यांना आता स्वतःची ओळख मिळणार, असे तेव्हा सांगण्यात आले. ओळख मिळाली हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अंगठा पुन्हा दुसऱ्याच्या यंत्रावर गेला. आणि अंगठ्याचा एक दोष असा की तो बदलता येत नाही. २०१८ साली तेलंगणात एका इसमाने भूनोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तऐवजांवरून लोकांच्या अंगठ्यांचे ठसे उतरवले, त्यांचे रबरी साचे बनवले आणि त्या साच्यांवर मोबाईलची सिमकार्डे चालू केल्याचे उघडकीस आले. जमिनीच्या कागदावर उमटवलेला अंगठा पुन्हा एकदा शेतकऱ्यावरच उलटला. आधारची बायोमेट्रिक ओळख कुलूपबंद करून ठेवण्याची आणि गरजेपुरती उघडण्याची सोय आधार प्राधिकरणाने दिलेली आहे. गावोगावच्या किती कार्यकर्त्यांनी ती वापरली आहे, याचा शोध शाखांनी घ्यावा.

चोरीला गेलेला संकेतशब्द मात्र पाच मिनिटांत बदलता येतो. जो गुप्त ठेवता येतो, हवा तेव्हा बदलता येतो आणि ज्यासाठी कोणा अधिकाऱ्याचा शिक्का लागत नाही, असा हक्काचा हा एकच दस्तऐवज गरिबाच्या हाती आहे. म्हणून तो कसा असावा, हा विषय तांत्रिक म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही.

चोर संकेतशब्द कसा ओळखतो, हे आधी समजून घ्यायला हवे. कोणी दुकानदार समोर बसून एकेक शब्द टाकून पाहतो असे होत नाही. बहुतेक संकेतस्थळे पाच-दहा चुकांनंतर दार बंद करतात. खरी चोरी मागल्या दाराने होते. व्यवस्थित चालवलेले संकेतस्थळ ग्राहकाचा संकेतशब्द जसाच्या तसा साठवत नाही. गणिताच्या एका प्रक्रियेने त्याचा ठसा काढून तो साठवते. चोर या ठशांची अख्खी यादी पळवतो आणि स्वतःच्या घरी बसून अंदाजामागून अंदाज घेत त्यांचे ठसे काढून ताडून पाहतो. ठसे हलक्या पद्धतीने काढलेले असतील तर चांगल्या यंत्रावर सेकंदाला एक हजार कोटी अंदाज घेणे अवघड राहिलेले नाही. इंग्रजी लहान लिपीतील आठ अक्षरांची सुमारे २०,८८३ कोटी रूपे होतात. संख्या डोळे दिपवणारी आहे खरी, पण या वेगाने ती २१ सेकंदांत संपते. नाव, गाव, जन्मसाल आणि एक-दोन-तीन यांच्या जोड्या तर चोर सर्वांत आधी तपासतो. त्यांना सेकंदही लागत नाही.

डिसेंबर २००९ मध्ये ‘रॉकयू’ नावाच्या अमेरिकी कंपनीकडून ३ कोटी २० लाख संकेतशब्द चोरीस गेले. त्या कंपनीने ठसे काढण्याचीही तसदी घेतली नव्हती. सारे उघडे पडले. त्यांत सर्वाधिक लोकांनी निवडलेला संकेतशब्द होता १२३४५६. तेव्हा ‘आपल्याकडचा अडाणी शेतकरी’ ही भाषा शहरी विद्वानांनी जरा आवरती घ्यावी. फेसबुकचे मालक मार्क झुकरबर्ग यांची अन्य संकेतस्थळांवरील खाती जून २०१६ मध्ये चोरांच्या हाती गेली. २०१२ साली लिंक्डइनवरून चोरीस गेलेला त्यांचा संकेतशब्द दुसऱ्या ठिकाणीही तोच होता आणि तो ‘दादादा’ एवढाच होता, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. एकच किल्ली सगळ्या कुलपांना लावण्याची खोड अब्जाधीशालाही सुटत नाही. फरक इतकाच की त्याचे काही बिघडत नाही.

शासकीय उपदेशही या बाबतीत वर्षानुवर्षे चुकीचाच होता. एक मोठे अक्षर, एक अंक, एक चिन्ह हवे आणि दर तीन महिन्यांनी संकेतशब्द बदलायला हवा, हा नियम २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेतील बिल बर यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेमुळे जगभर पसरला. परिणाम काय झाला? लोकांनी नावाचे पहिले अक्षर मोठे केले, शेवटी एक जोडला, तीन महिन्यांनी त्या एकाचे दोन केले. बर यांनी २०१७ साली या सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने नवी मार्गदर्शिका काढून ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती काढण्यास सांगितले. लांबी महत्त्वाची, आणि चोरीला गेलेल्या शब्दांच्या यादीत नसणे महत्त्वाचे, असा तिचा सारांश होता. भारतात मात्र ‘आपला पासवर्ड कालबाह्य झाला आहे’ हा संदेश अनेक कचेऱ्यांच्या पडद्यांवर त्यानंतरही उमटत राहिला.

मग चांगला संकेतशब्द करावा कसा? आर्नल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ साली एक रीत सुचवली, ती खानदेशातल्या चावडीवरही करता येण्याजोगी आहे. सोंगटीचा फासा पाच वेळा टाकला की ७,७७६ शक्यता होतात. तितक्या शब्दांची क्रमांकित यादी करायची, फाशावर आलेल्या क्रमांकाचा शब्द उचलायचा, आणि असे चार-पाच शब्द एकापुढे एक ठेवायचे. चार शब्द सेकंदाला हजार कोटींच्या वेगाने शोधायला सुमारे चार दिवस लागतात. पाचवा शब्द जोडला की तेच काम ९० वर्षांवर जाते. एका शब्दाने एवढा फरक पडतो, आणि तो लक्षात ठेवणे तिरप्या-आडव्या चिन्हांपेक्षा किती तरी सोपे असते. अशी यादी हाताशी नसेल तर जुन्या शब्दकोशाची पाने डोळे मिटून उघडावीत. बट्टी, पाटबंधारे, चष्मा, पोपट, घुंगरू, अशा एकमेकांशी कसलाही संबंध नसलेल्या शब्दांची माळ रोमन अक्षरांत लिहिली की काम झाले. ही पाच मात्र आता छापली गेल्यामुळे कोणीही वापरू नयेत. अहिराणी आणि तावडीतले शब्द यात मिसळावेत; परक्या चोरांच्या शब्दयाद्यांत ते सहसा नसतात. तथापि शब्द फाशाने निवडावेत, मनाने नव्हे. मन नेहमी ओळखीचेच उचलते. जळगावचा माणूस बहिणाबाईंची ओळ उचलेल, अमळनेरचा साने गुरुजींचे गीत उचलेल, पक्षाचा कार्यकर्ता घोषणा उचलेल. या तिन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या शेजाऱ्यालाही पाठ असतात.

संकेतशब्द ठेवावा कोठे, यावर एक गैरसमज दूर करायला हवा. कागदावर लिहू नये, हा सल्ला कचेरीतल्या टेबलापुरता ठीक आहे. घरातल्या पेटीत, सातबाऱ्याच्या आणि रेशनकार्डाच्या शेजारी, कागदावर लिहून ठेवलेला लांब संकेतशब्द हा डोक्यात ठेवलेल्या नाव-ॲट-एकदोनतीनपेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. परदेशातल्या चोराला पारोळ्याच्या घरातली पेटी उघडता येत नाही. एटीएम कार्डाच्या पाकिटात, मोबाईलच्या मागच्या आवरणात किंवा मोबाईलमध्येच ‘बँक पिन’ या नावाने तो ठेवणे मात्र चोराच्या सोयीचे आहे. ज्यांच्याकडे वीस-तीस खाती असतात अशा कार्यकर्त्यांनी संकेतशब्द सांभाळणारे एखादे सॉफ्टवेअर वापरावे. ‘कीपास’ आणि ‘बिटवॉर्डन’ यांची रचना सर्वांना तपासण्यासाठी खुली आहे, आणि खाजगी मालकीच्या बंद पेटीपेक्षा समाजवाद्यांना ती अधिक पटावी. त्यातल्या मुख्य किल्लीसाठी फाशाचे सहा शब्द खर्ची घालावेत. ईमेल आणि बँक या दोन खात्यांचे संकेतशब्द एकमेकांपासून व इतर सर्वांपासून वेगळेच हवेत, आणि त्यांना दुसरा टप्पा लावलेला हवा.

ओटीपी हा दुसरा टप्पा. तो ज्या मोबाईलवर येतो तो कोणाच्या हाती आहे, हा खानदेशातला खरा प्रश्न आहे. सुरतेला कामाला गेलेल्या माणसाचे सिमकार्ड रिचार्जअभावी बंद पडते. बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि जुना क्रमांक बँकेत तसाच राहिलेला असतो. बायकांची स्थिती याहून अवघड आहे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये २०२४ पासून बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागले, पण मोबाईल घरात एकच आणि तोही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा लाभार्थी महिलेबरोबर पती किंवा वडील यांच्या आधारवरचा ओटीपीही मागण्यात आला, आणि विधवा व परित्यक्ता महिलांची त्यात कुचंबणा झाली. पैसा बाईचा, खाते बाईचे, आणि किल्ली पुरुषाची. महिला आघाडीने या विषयावर बोलायला हवे, कारण नवऱ्याला पिन सांगण्यास नकार देणाऱ्या बाईला घरात कोणाचाही आधार नसतो. त्या नकाराला संघटनेची मान्यता आहे, एवढे जरी गावात ठाऊक झाले तरी पुष्कळ फरक पडेल.

किल्ली उसनी देण्याची रीत वरच्या वर्गातही आहे. तिचे परिणाम तेवढे वेगळे असतात. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील एका शाखेतून हिरे व्यापाऱ्यांना खोटी हमीपत्रे गेल्याचे १४ फेब्रुवारी २०१८ रोजी जाहीर झाले, तेव्हा आकडा सुमारे ११,४०० कोटींचा होता. परदेशी व्यवहारांच्या यंत्रणेचे संकेतशब्द बाहेरच्या माणसांपर्यंत पोचल्याचे तपास यंत्रणांच्या हवाल्याने त्या वेळी प्रसिद्ध झाले. एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करावी, ही बँकेतली जुनी शिस्त. दोघांचे संकेतशब्द एकाच्याच हाती आले की ती शिस्त कागदावर उरते. जिल्ह्यातल्या पतसंस्थांत आणि विकास सोसायट्यांत संचालक म्हणून बसलेल्या पक्षाच्या सभासदांनी आपल्या संस्थेत हे कसे चालते ते विचारावे. साहेब रजेवर जाताना लिपिकाला पासवर्ड सांगून जातात, असे उत्तर आले तर आश्चर्य वाटायला नको. जळगावात मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेच्या ठेवीदारांनी काय भोगले ते २०१५ पासून सर्वांसमोर आहे. संचालकांवर गुन्हे दाखल झाले, पण ठेवीदारांचे हेलपाटे संपले नाहीत. तो घोटाळा काही संकेतशब्दाच्या चोरीचा नव्हता. परंतु किल्लीवर नजर ठेवणारा दुसरा कोणी नसला की काय होते, हे त्यातून या जिल्ह्याला पुरेपूर कळलेले आहे.

येथवर पैशाची गोष्ट झाली. चळवळीच्या दृष्टीने दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. सुमारे साडेपाच लाखांची ती रक्कम प्रतिसरकारच्या कामी आली. सातारकडून आलेले जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आणि खानदेशचे डॉ. उत्तमराव पाटील यांची नावे त्या घटनेशी जोडलेली आहेत. ज्याला जेवढे करायचे तेवढेच त्याला ठाऊक असावे, हा भूमिगतांचा नियम होता. तो मोडला की काय होते याचे उदाहरणही त्याच काळातले आहे. उषा मेहता यांचे गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडले गेले, ते यंत्राची माहिती असलेल्या एका तंत्रज्ञाने पोलिसांना वाट दाखवल्यामुळे. दुरुस्तीला दिलेला मोबाईल उघडण्याचा पिन दुकानदाराला कागदावर लिहून देणाऱ्या कार्यकर्त्याने हे आठवावे.

आजच्या काळातले उदाहरण एल्गार परिषद प्रकरणाचे आहे. जून २०१८ मध्ये अटक झालेल्या रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत तपासून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने दिलेला अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीच्या माणसाच्या ईमेल खात्यावरून आलेला एक संदेश उघडल्यामुळे संगणकाचा ताबा बाहेरच्याकडे गेला आणि सुमारे २२ महिने तो तसाच राहून त्यात पत्रे ठेवली गेली, असे त्यात म्हटले होते. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हा निष्कर्ष मान्य केला नाही. पुढे जून २०२२ मध्ये ‘वायर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाने असे वृत्त दिले की या प्रकरणातील काही आरोपींच्या ईमेल खात्यांना, संकेतशब्द विसरल्यास खाते परत मिळवण्यासाठी जो पर्यायी पत्ता आणि मोबाईल क्रमांक लागतो, तो पुण्यातील एका पोलीस अधिकाऱ्याशी संबंधित असल्याचे सुरक्षा तज्ज्ञांना आढळले. विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये जामीन दिला. तोवर खटला न चालता साडेसहा वर्षे गेली होती. प्रकरणाचा निकाल न्यायालय लावील. कार्यकर्त्याने मात्र त्यातली एक साधी गोष्ट आज संध्याकाळीच तपासावी: आपल्या ईमेल खात्याच्या सुरक्षा विभागात पर्यायी पत्ता व क्रमांक कोणाचा नोंदलेला आहे, आणि कोणकोणत्या यंत्रांवर ते खाते उघडे आहे. पुढचे दार कितीही भक्कम केले तरी ही खिडकी बहुधा कोणी पाहतच नाही.

सरकारकडे मागण्याजोगे बरेच आहे. प्रत्येक योजनेला नवे संकेतस्थळ आणि नवा पासवर्ड हा प्रकार थांबला पाहिजे. अर्ज भरून देणारा माणूस प्रत्येक ग्रामपंचायतीत नियमित वेतनावर असला पाहिजे; कमिशनवर जगणाऱ्याकडे दिवसाला शंभर अर्जदार येतात, तो एकेकाला स्वतःचा संकेतशब्द टाकायला लावील ही अपेक्षा व्यर्थ आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने केंद्र सरकारला स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा ठेवली. शिवाय तो कायदा डिजिटल स्वरूपातील किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाच लागू होतो. म्हणजे तहसील कचेरीसमोरच्या दुकानातली ती जाड वही त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. दिल्लीत कायदा लिहिणाऱ्यांनी ती वही बहुधा पाहिलेली नसावी.

परंतु तशीच वही पक्षाच्या कित्येक कचेऱ्यांतही आहे, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. मोर्च्याला येणाऱ्या बायकांचे अर्ज कार्यकर्त्यांनीच भरले, मोबाईलवर आलेले ओटीपी त्यांनीच विचारून घेतले, आणि पुढच्या हप्त्याला उपयोगी पडावेत म्हणून पासवर्ड त्यांनीच लिहून ठेवले. हेतू सेवेचा होता यात शंका नाही. पण शंभर घरांच्या किल्ल्या एका कार्यकर्त्याच्या पिशवीत असणे ही त्या घरांवरची सत्ता आहे, आणि उद्या तो कार्यकर्ता पक्ष सोडून गेला तर वही घेऊनच जाईल.

शाखांनी या कामासाठी दोन रविवार काढावेत. वहीतल्या एकेका व्यक्तीला बोलवावे, तिच्या मोबाईलवर तिच्याच हाताने नवा संकेतशब्द टाकायला लावावा, तोवर कार्यकर्त्याने पाठ फिरवून उभे राहावे, आणि नंतर वहीतली ती ओळ गिरवून टाकावी. जिला अक्षरओळख नाही तिच्याकडून सहा अंकी पिन करून घ्यावा. जन्मसाल, गाडीचा क्रमांक आणि एकाच अंकाची पुनरावृत्ती टाळावी, आणि तो पिन तिने चार दिवस रोज एकदा वापरून पाहावा म्हणजे विसरणार नाही. फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करायचा, त्याच दिवशी बँकेला लेखी कळवून पोच घ्यायची आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची, हे तीन टप्पे कचेरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत. तक्रार लिहून देण्यासाठी शाखेतला एक माणूस ठरलेला असावा. तक्रारीत घडलेली वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक लिहायचा असतो. संकेतशब्द किंवा पिन लिहायचा नसतो, आणि कोणी तो मागितला तर, तो पोलीस असो वा बँकेचा साहेब, द्यायचा नसतो.